काशम्माच्या दारातली लाइन

मी लाइन बोलतेय. घाबरू नका, तुम्हाला मागं जाऊन उभं राहायला सांगत नाही. आज तुम्ही निवांत बसा. उभं राहायची सवय आपल्या दोघांत मलाच जास्त आहे.

मी एक शब्द आहे, आणि जन्मानं परदेशी आहे. तुम्ही ज्या जवसाची चटणी करता ना, त्या झाडाच्या खोडातून तिकडं सूत काढतात. त्या सुताचा ताणून धरलेला धागा, ती मी. म्हणजे सुताशी माझं नातं सोलापूर बघायच्या आधीपासूनचं. उगाच नाही मी या गावात रमले.

इथं आले ती आगगाडीबरोबर. रूळ टाकले, त्यांना लोक लाइन म्हणाले. रुळांच्या कडेनं साहेबांचे बंगले उठले, त्या वस्तीचं नाव रेल्वे लाइन्स. पोलिसांना खोल्या बांधल्या, ती पोलीस लाइन. विजेच्या तारा आल्या, त्याही मीच. उन्हाळ्यात पंखा बंद पडला की अख्खी गल्ली ओरडते, ‘लायन गेली!’ अहो, जाते कुठं मी? तिथंच खांबाला लटकलेली असते. ट्रंककॉल लागला नाही तरी ठपका माझ्यावरच, ‘लायन मिळंना.’

मुलगी दाखवायच्या आधी बाप विचारतो, ‘पोरगा कुठल्या लायनीत हाय?’ बिघडलेल्या पोराला मामा लाइनीवर आणतो. आणि तेच पोर कॉलेजात गेलं की लाइन मारायला लागतं. म्हणजे करतं काय, तर फाटकाजवळ तासभर भांग पाडत उभं राहतं. मार मला बसतो आणि लाजतं ते.

मराठीत मला तीन जावा आहेत. रांग, ओळ आणि रेघ. तिघी माझ्यापेक्षा खानदानी. त्यातल्या रांगेचा थाट तर विचारूच नका. सरकारमान्य दुकानाच्या भिंतीवर सुबक अक्षरात लिहिलेलं असतं, ‘कृपया रांगेत उभे राहावे.’ आणि त्याच पाटीखाली दुकानदार बोंबलतो, ‘ए, लायन मोडू नका रे!’ पाटीवरचा मान तिला मिळतो, उन्हात तापायचं काम माझं. पण मला त्याचं वाईट वाटत नाही. माणसं चिडल्यावर ज्याला हाक मारतात तेच घरातलं, असं मी समजते.

सत्तरनंतरच्या त्या टंचाईच्या वर्षांत तर माझ्या अंगावर मांस चढलं. रॉकेलला लाइन, साखरेला लाइन, डालड्याला लाइन, नळाला लाइन. एवढा वेळ उभं राहणार कोण? मिलची पाळी चुकवून भागत नाही. मग लोकांनी एक रीत पाडली. आपल्या जागी आपली वस्तू ठेवायची आणि कामाला जायचं. कुणाचा डबा, कुणाची वीट, कुणाची एकच चप्पल. मागच्यानं ती प्रामाणिकपणे पुढं सरकवायची. घरात भावाभावांत पटत नसेल, पण लाइनीतला परक्याचा दगड कुणी हलवून मागं टाकत नसे. मला या गोष्टीचा फार अभिमान आहे.

हे एवढं सांगितलं, कारण त्याशिवाय काशम्माची गोष्ट कळायची नाही.

काशम्मा म्हणजे मिलमधल्या तिप्पण्णाची बायको. अक्कलकोटकडची. हाताला चव अशी की तिनं उखळात कुटलेली शेंगांची चटणी खाल्लेला माणूस बोटं धुवायला कचरत असे. तिच्या कडक भाकरीला पापडासारखा पातळ पदर आणि मोडली की कट्कन आवाज. सात रस्त्याच्या चौकाजवळ तिच्या थोरल्या दिराचा, शरणप्पांचा, एक बारकासा गाळा रिकामा पडला होता. काशम्मानं मोठ्या हिमतीनं तो मागून घेतला आणि कडक भाकरी, शेंगाचटणीचं दुकान थाटलं.

शेजारपाजारच्या बायका आल्या, दुकान बघून गेल्या, ‘बरं केलंस गं’ म्हणाल्या आणि विकत काही न घेता घरी जाऊन आपापल्या भाकरी थापायला बसल्या. महिने गेले. बांबूच्या बुट्टीतल्या भाकरी बुट्टीतच राहू लागल्या. कडक भाकरी नासत नाही हे खरं, पण ती नासत नाही म्हणून दुकान चालतं असं थोडंच आहे!

शरणप्पा मोहोळला असायचे. शेती, आडत, बाजारात मान. एके दिवशी एसटीनं आले, गाळ्याच्या उंबऱ्यावर उभे राहिले आणि म्हणाले, “काशम्मा, ही आपली लायन न्हाय.”

माझं नाव निघालं म्हणून मी तिथं हजर. नाव कुणी कशासाठीही घ्यावं, मला जावंच लागतं.

“भाकरी काय इकायची चीज हाय व्हय?” शरणप्पा म्हणाले. “घरोघरी तवा हाय. तंबाकूवाला गाळ्यासाठी माझ्या मागं लागलाय. आमावस्येला येतो. तवर चाललं तर चाललं, न्हायतर किल्ली दे आन् मोहोळला चल. गड्यांच्या भाकरीला घरात बाईमाणूस कमीच पडायलंय.”

“आन् हे?” काशम्मानं नवऱ्याकडं बघत विचारलं.

“तिप्पण्णा जेवंल की खानावळीत.”

तिप्पण्णा मान खाली घालून म्हणाला, “दादा म्हणतील तसं.” तो स्वभावानं गरीब माणूस. मिलमध्ये चारशे माग कानाशी खडखडत असताना त्याचं डोकं शाबूत असायचं, पण थोरल्या भावानं नुसतं खाकरलं तरी त्याचे शब्द हरवायचे.

काशम्मा बुट्टी झाकायला वळली. पण तिला काय हवं होतं ते मला ठाऊक आहे. कुणाची सून, कुणाची भावजय, कुणाची बायको हे सगळं होऊन झालं होतं. तिला एकदा स्वतःच्या नावानं ओळखलं जायचं होतं. ती नवसासारखं हे मनात धरून बसली होती आणि अमावस्या जवळ येत होती.

अमावस्या आली. गिऱ्हाईक आलं नाही. उरल्यासुरल्या भाकरी मोहोळच्या गड्यांना होतील म्हणून तिनं दोन बुट्ट्या भरून ठेवल्या. मग तिच्या मनात आलं, दुसऱ्याचा गाळा परत द्यायचा तर धुऊन द्यावा. तिनं आतलं सामान बाहेर काढलं. पिठाचा रिकामा डबा, बसायचं स्टूल, दाराला लावायची वीट, वेताची एक पालथी पाटी. फुटपाथ अरुंद, म्हणून सगळं भिंतीच्या कडेनं एकामागं एक ठेवलं. शटर अर्धं ओढलं आणि दोन बादल्या घेऊन ती मागच्या गल्लीतल्या नळावर गेली. तिथंही मी होतेच, तासभर गेला.

आता बघा. डबा, स्टूल, वीट, पाटी. एकामागं एक. बंद शटरसमोर.

पहिली आली चांगुणा. सरकारी दवाखान्यात आया, दुपारच्या ड्यूटीला निघालेली. तिनं हे बघितलं, पिशवीतला रॉकेलचा रिकामा डबा काढला आणि पाटीच्या मागं ठेवला. ड्यूटीला वेळ होता, ती तिथंच थांबली. कुणाला काही विचारलं नाही. विचारायचं काय? रिकामा डबा पहिला ठेवलाय म्हणजे काहीतरी भरून मिळणार. तिच्या मागं एक जण आला, त्यानं छत्री ठेवली. त्याच्या मागं दोन बायका आल्या, त्या उभ्याच राहिल्या. आणि मी जन्मले. आई नाही, बाप नाही, कारण नाही, तरी जन्मले! माझ्या इतक्या जन्मांत असा गमतीचा जन्म मला कधी मिळाला नव्हता.

“काय मिळायलंय ओ?” नवा आलेला माणूस विचारायचा.

“यायचं हाय अजून.”

“पन काय?”

“आल्यावर कळंल की. उभं ऱ्हा गप.”

तेवढ्यात रावसाहेब आले. नावाचेच रावसाहेब, जवळच्या कचेरीत कारकून. प्रत्येक लाइनीला असा एक माणूस लागतोच. त्याला कुणी नेमलेलं नसतं, पण तो नसेल तर मला कणा राहत नाही. त्यांनी हाफ डे टाकली, घाम पुसला आणि कामाला लागले. “एका वस्तूमागं एकच माणूस. मधी घुसायचं न्हाय. ओळखीपाळखी घरी.” मी ताठ झाले. बघता बघता कोपऱ्यावरून वळले आणि मागच्या गल्लीत शिरले.

काशम्मा नळावरून बादल्या भरून येते तो समोर ही लाइन! तिनं शेपटाच्या माणसाला विचारलं, “कशाची लायन हाय ओ?”

“राकेलची म्हनत्यात. कुनी डालडा म्हनतंय.”

घरात रॉकेलचा थेंब नव्हता. आज किल्ली द्यायची, दीर यायचे, सगळं खरं. पण रॉकेल ते रॉकेल. काशम्मानं बादल्या खाली ठेवल्या आणि उभी राहिली. होय, स्वतःच्याच दुकानाच्या लाइनीत! मला हसू आवरेना, पण लाइनीला हसता येत नाही. हसलं की माणसं तिरकी होतात.

थोड्या वेळानं तिनं पुढच्याला विचारलं, “सुरू कुटनं हुतीया?”

“त्या निळ्या शटरपास्नं. पैला डबा हाय बगा तितं, पिठाचा.”

काशम्मानं मान उंचावून बघितलं. निळं शटर तिचं. पिठाचा डबा तिचा. तिनं बादल्या उचलल्या आणि भिंतीच्या कडेकडेनं पुढं निघाली. भरलेल्या बादल्या बघून सगळे बाजूला झाले. त्या वर्षांत माणसं पाण्याला वाट द्यायची. अख्खी लाइन आपल्याकडं बघतेय आणि आपल्यापाशी त्यांना द्यायला रॉकेल नाही, या भीतीनं तिनं नजर वर केली नाही. पळून जावं असं तिला वाटलं. पण किल्ली कमरेला होती आणि शरणप्पा यायचे होते. तिनं शटर वर ढकललं.

मी एकदम आखडले. मागच्यानं पुढच्याच्या पाठीवर छाती टेकवली. रावसाहेबांनी आत डोकावलं. दोन बुट्ट्या, एक मोठी बरणी आणि घाबरलेली काशम्मा.

“राकेल कुठाय?” रावसाहेबांनी विचारलं.

“राकेल न्हाय,” काशम्मा म्हणाली. “भाकरी हायत. कडक. आन् शेंगाची चटणी.”

सगळे एकमेकांकडं बघू लागले. हे बघणं मी ओळखते. यातून एकतर दगड निघतात नाहीतर हसू.

“भाकरी तर घरी हाय की!” मागून कुणीतरी म्हणालं.

पण हलला कुणी नाही. आता तुम्हाला माणसाची एक गंमत सांगते. आयुष्य गेलं माझं त्याला बघण्यात. जो बराच वेळ लाइनीत उभा राहिलाय तो रिकाम्या हातानं घरी जात नाही. पहिला जो निघेल तो मूर्ख ठरणार, म्हणून पहिला कुणीच निघत नाही. मिळत असेल ते घेऊ, पण जागा सोडायची नाही.

चांगुणाला ड्यूटी होती. ती म्हणाली, “दे दोन. चटणीबी दे वाईच. रातच्याला पीठ मळायचं तरी वाचंल.” तिनं तिथंच एक भाकरी मोडली. कट्कन आवाज झाला. चटणीला लावून घास तोंडात टाकला आणि डोळे मिटले. “अगं बया,” एवढंच म्हणाली. मग तिनं मागं वळून बघितलं आणि पिशवी छातीशी धरून निघून गेली. ते जाणं मागच्यांनी नीट बघितलं.

रावसाहेबांचा नंबर आला. त्यांनी सवयीनं विचारलं, “माणशी किती?”

आजवर त्यांनी कुठल्याही दुकानात हा प्रश्न विचारल्याशिवाय पैसे काढले नव्हते. काशम्माला कळेना. इतके दिवस एक भाकरी कुणी नेईना, आणि हा माणूस विचारतोय किती नेऊ शकतो! तिनं बुट्टीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि तोंडातून निघून गेलं, “दोन.”

“माणशी दोनच!” रावसाहेबांनी मागं वळून जाहीर केलं.

अहो, तो शब्द माझ्या अंगातून विजेसारखा गेला. “दोनच देत्यात.” “दोनच?” “मग मालात दम असंल.” “संपायच्या आत मिळालं पायजे.” कोपऱ्यावरच्या माणसानं मुलीला घरी पिटाळलं, आईला बोलावून आण म्हणून. घेऊन गेलेले दोघे तिघे चटणी चाखून परत शेपटाला येऊन उभे राहिले. रावसाहेबांनी त्यांना ओळखलं, पण त्यांना स्वतःलाही पुन्हा उभं राहायचं होतं, म्हणून बोलले नाहीत. काशम्माची भीती आता गेली होती. एक बुट्टी रिकामी झाली, दुसरी उघडली. पदर खोचून ती मोडक्या भाकरी वेगळ्या काढत होती, चटणी मापून पुडीत बांधत होती आणि मध्येच मान वर करून माझी लांबी बघत होती. इतक्या प्रेमानं माझ्याकडं कुणी बघितल्याचं मला आठवत नाही.

अशात शरणप्पा आले. पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला पटका, हातात काठी. गर्दी बघून त्यांना वाटलं गाळ्यात काहीतरी भानगड झाली. ते थेट शटरकडं निघाले.

“ओ पाव्हणं! लायनीत या की!”

शरणप्पांनी लक्ष दिलं नाही. मग मीच आवळले. चार छात्या, आठ कोपरं, मध्ये फट नाही.

“गाळा माझा हाय!” शरणप्पा गरजले.

“आमी काय गाळा मागायलोय व्हय?” एक म्हातारी म्हणाली. “भाकरी पायजे तर मागं जावा.”

“अवो, दुकानदारीण माझी भावजय हाय!”

“मग तर लाज धरा,” रावसाहेब म्हणाले. “वशिला घरी ठेवायचा. नियम म्हंजे नियम.” स्वतः दुसऱ्यांदा उभे होते, तरी म्हणाले.

मोहोळच्या बाजारात शरणप्पा कधी कशासाठी उभे राहिले नव्हते. त्यांच्यासाठी दुसरे उभे राहायचे. त्यांनी इकडं तिकडं बघितलं. ओळखीचं कुणी नव्हतं. काठी टेकत टेकत ते कोपऱ्यावरून वळले आणि शेपटाला जाऊन उभे राहिले. पुढच्या बाईनं आपली पिशवी त्यांच्या हातात दिली, “धरा वाईच, आलेच मी.” त्यांनी धरली.

लाइनीत उभं राहिलं की माणसाला ऐकावं लागतं, दुसरं करायला काही नसतं. शरणप्पांनी ऐकलं. “कुनाचं दुकान ओ?” “काशम्माचं.” “कोन काशम्मा?” “काशम्मा म्हंजे काशम्मा! कडक भाकरीवाली.” तिच्या नावापुढं ना तिप्पण्णा होता, ना शरणप्पा. ते दोनदा खाकरले. कुणीही दबलं नाही.

मिलची पहिली पाळी सुटली. तिप्पण्णा आला, लाइन बघितली आणि विचार न करता मागं उभा राहिला. पुढच्याचा पटका ओळखीचा वाटला म्हणून वाकून बघितलं तर दादा!

“दादा, तुमी हितं?”

“दिसंना का? लायनीत हाय.”

“कशाची लायन हाय?”

शरणप्पांनी काठी नीट टेकली. मग म्हणाले, “तुझ्या बायकूच्या भाकरीची. नीट उभं ऱ्हा, मागचं लोक बोलत्यात.”

मी सरकत गेले. भाकरी कमी होत गेल्या. शेवटी शरणप्पा शटरपाशी पोचले. काशम्मानं मान वर केली आणि तिचा चेहराच उतरला. विक्रीच्या नादात ती अमावस्या विसरून गेली होती. ती शब्दाला पक्की बाई. तिनं कमरेची किल्ली काढली आणि फळीवर ठेवली. डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं लपवलंही नाही.

“घ्या, भावजी,” ती म्हणाली. “गाळा धुवायचा तेवढा ऱ्हायला.”

इतकी वर्षं मी माणसांना थांबवत आले, त्या क्षणी मला स्वतःला थांबणं असह्य झालं.

शरणप्पांनी किल्लीकडं बघितलं. बुट्टीच्या तळाशी उरलेल्या भाकरींकडं बघितलं. मागून तीच म्हातारी, एकदा भाकरी नेऊन परत लाइनीत आलेली, ओरडली, “अवो पाव्हणं, आटपा की! लायन अडलीया!”

शरणप्पा खाकरले. मग हळूच विचारलं, “माणशी किती?”

काशम्मानं पदरानं डोळे पुसले. “दोन, भावजी.”

“मोहोळला घरात लई माणसं हायत.”

“माणशी दोनच, भावजी.”

“बराबर हाय!” मागून एकदम चार पाच आवाज आले.

शरणप्पांनी धोतराच्या सोग्यातून पैसे काढले, दोन भाकरी आणि चटणीची पुडी घेतली, आणि काठीच्या टोकानं किल्ली तिच्या बाजूला सरकवली. त्या माणसानं आयुष्यात कुणाला ‘चुकलो’ म्हटलं नव्हतं, आणि काशम्मानंही ते मागितलं नाही. ती तशीच पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळली. पुढचं गिऱ्हाईक तिप्पण्णा होता.

“संपल्या,” काशम्मा म्हणाली. “उद्या या.”

त्या हशात मी मोडले. माझं मरण असंच असतं, माणसं घरी जातात आणि मी उरत नाही. पण इतक्या हसऱ्या तोंडांनी मला कुणी मोडलं नव्हतं.

त्याला आता काही वर्षं झाली. दशक सरत आलंय. रॉकेलला अजून लाइन लागते, वीज अजून जाते आणि मला शिव्या बसतात. पण रोज सकाळी सात रस्त्याजवळ निळ्या शटरसमोर मी उभी असते. फार लांब नाही, दहा पंधरा माणसांची. रेल्वे लाइन्समधले नोकरदार, दवाखान्यातल्या बाया, पाळीवरून सुटलेले कामगार. कशाची लाइन आहे हे आता सगळ्यांना ठाऊक असतं. शरणप्पा सोलापूरला आले की न सांगता मागं उभे राहतात, आणि कुणी पुढं घुसलं तर सगळ्यांत मोठ्यानं तेच ओरडतात.

तुमच्याकडं माझं एकच मागणं आहे. मला हवं तिथं ताणा, वाकवा, कोपऱ्यावरून वळवा, काहीही नावं ठेवा. फक्त मध्ये घुसू नका. पुढं उभ्या असलेल्या माणसाचं काय पणाला लागलंय, ते मागून दिसत नाही.

चला, शटर वर गेलं. सरका जरा पुढं.